नदी आणि सीमा

वाचकांनी एक अख्खी ओळ गाळली आणि मी त्यांना थांबवलं नाही. झालं एवढंच. दुसऱ्या कुठल्या कचेरीत असल्या गोष्टीकडे कुणी ढुंकूनही बघितलं नसतं. पण मला पगार मिळतो तोच मुळी थांबवण्याचा. वाचक, म्हणजे आमच्या ब्रेल छापखान्यातले वाचून दाखवणारे गृहस्थ, छापील पुस्तक समोर धरून मोठ्यानं वाचतात. मी त्याच पुस्तकाचं ब्रेलमधलं प्रूफ समोरच्या फळीवर ठेवून डाव्या हाताच्या पहिल्या बोटानं त्यांच्या बरोबरीनं वाचत जाते, आणि त्यांचा आवाज आणि माझं बोट जिथं एकमेकांना सोडतात तिथं मी म्हणते, थांबा. मग शब्द पुन्हा, खूण, पुढे. उभा जन्म मी या एका शब्दावर काढला. सकाळी सातवीचा भूगोल चालला होता, वाऱ्यांचे प्रकार, आणि वाचक मध्येच आपण होऊन थांबले, घसा खाकरला आणि म्हणाले, "बाई, मघाशी माझी एक ओळ राहिली. तुम्ही काही बोलला नाहीत."

"बघत होते, तुमच्या कधी लक्षात येतंय ते."

"अस्सं. म्हणजे आमची परीक्षा."

"मग! फुकटचे पास करते की काय मी कुणाला?"

ते हसले. पण हसताना त्यांनी खुर्ची जराशी मागे घेतली, आणि माणूस खुर्ची मागे घेतो तेव्हा त्याला समोरच्याकडे नीट बघायचं असतं, एवढं मला कळतं. मी मान खाली घातली. मला मान खाली घालून काय साधणार होतं देव जाणे, पण घातली. राहिलेली ओळ त्यांनी पुन्हा वाचली, मी बोट मागे नेलं, ओळ प्रुफात होती. जागच्या जागी, शहाण्या मुलीसारखी. म्हणजे मघाशी ते तिला ओलांडून गेले आणि माझं बोट त्यांच्यामागून तिच्यावरून निमूट गेलं, आणि मला पत्ता नाही. पुढे दुपारपर्यंत आम्ही वाचत होतो, समुद्रावरचे वारे, जमिनीवरचे वारे, आणि मला त्यातलं एक अक्षर आठवत नाही.

ऑफिसात मला मागून चिमटा म्हणतात. मागून म्हणजे माझ्या तोंडावरच. आंधळ्याला दिसत नाही म्हणजे ऐकूही येत नसणार, असा डोळस लोकांचा भाबडा समज असतो. नाव मला आवडतं. चिमट्यानं काय, एक ठिपका जास्तीचा पडला तरी उचलून बाहेर काढायचा. ब्रेलमध्ये एक ठिपका म्हणजे अक्षर बदललं, आकडा बदलला, गणिताचं पोर नापास. हे काम मला ज्या बाईंनी शिकवलं त्या म्हणायच्या, बोट आवाजाच्या अर्धा शब्द पुढे पाहिजे, कायम. अर्धा शब्द पुढे असेल तर तू वाचते आहेस. बरोबरीनं आलं तर सावध हो. मागे पडलं की तू वाचत नाहीस, नुसती माना डोलावते आहेस. तेव्हा मला वाटायचं, या म्हाताऱ्या उगाच बाऊ करतात. माझं बोट तेव्हा सबंध शब्द पुढे पळायचं, आणि वाचणाऱ्याला मी मध्येच सांगायची, अहो, पुढे छापायची चूक आहे हं, येईल आत्ता. वाचणारे वैतागायचे. एक तर वाचता वाचता लवंग चघळायचा आणि मी थांबा म्हटलं की इतकं जोरात चावायचा की मला ऐकू यावं. एक बाई होती, ती मयताला आल्यासारखी वाचायची, पाढेसुद्धा. हे वाचक आले आणि खोलीचा नूरच बदलला. पूर्वी नाटकात होते म्हणे. शिपाई, दूत, तिसरा नागरिक, असल्या भूमिका. सगळा जन्म दोन वाक्यं बोलून आत जायचं, आणि आता उतारवयात त्यांना अख्खी पुस्तकंच्या पुस्तकं बोलायला मिळाली. विरामचिन्हंही बोलायची असतात आमच्यात, म्हणजे ती प्रुफाशी ताडून बघता येतात. तर हे गृहस्थ पूर्णविराम असा म्हणतात की वाटावं, राजा आत गेला. मी त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं, वाचकसाहेब, सपाट वाचा, आम्हाला रस नको, अक्षरं हवीत. त्यांनी प्रयत्न केला बिचाऱ्यांनी. पण ‘कोरड्या हवेत पाऱ्याची पातळी वाढते’ हेसुद्धा ते कुणाचं तरी गुपित फोडल्यासारखं वाचतात, आणि मी रागावायचं सोडून दिलं.

सोडून दिलं म्हणजे काय, मी त्याची वाट बघायला लागले. खोटं कशाला बोलू? घरी माझ्याशी बोलणारं एक घड्याळ आहे, आणि तेही बटण दाबल्याशिवाय बोलत नाही. शेजारचे चांगले आहेत, जिन्यात भेटले तर मोठ्यानं बोलतात, मी बहिरी असल्यासारखं. बहीण फोन करते. बाकी दिवसाकाठी माणसाचा आवाज असा जो मिळतो तो या खोलीत, आणि तो नुसता बोलत नाही, माझ्याबरोबर चालतो, शब्दाला शब्द लावून, मी थांबले की थांबतो, मी निघाले की निघतो. लग्न झालेल्या बायकांना तरी असं कुणी मिळत असेल का, मला शंका आहे. पण म्हणूनच तो घातक. आवाज फार लबाड असतो. तो ‘समुद्र’ म्हणाला की बोटाखाली समुद्र येतो. मग ठिपके काही का असेनात. बोट तल्लख असतं तोवर ते आवाजाचं ऐकत नाही, भांडतं. माझं भांडायचं कधी थांबलं? मला आठवतं ते एवढंच, की थंडीत एक दिवस सकाळी प्रुफावर बोट ठेवलं आणि वाटलं, मशीनवाल्यानं आज ठिपके बोथट काढलेत. मी त्याला बोलले. तो म्हणाला, बाई, ठिपके उठवायचा पत्रा तोच, दाब तोच. मी म्हटलं, मग कागद ओला असेल. कागदही ओला नव्हता. नंतर नंतर असं व्हायला लागलं की बोटाच्या पेराला जणू कुणी पातळ कापड गुंडाळलंय. मी मधल्या बोटानं वाचून पाहिलं, उजव्या हातानं वाचून पाहिलं. पण बोटं काय नोकर आहेत, एक गेला की दुसरा ठेवायला? डॉक्टरांनी रक्त तपासून साखर सांगितली आणि तोंडपाठ असल्यासारखं म्हणाले, सांभाळा, साखर आधी डोळ्यांवर जाते. मी म्हटलं, डॉक्टर, तिथं तिला काही मिळायचं नाही. ते इतके ओशाळले की बोटाचं विचारायचं राहूनच गेलं.

तर त्या दिवशी दुपारी आकृतीवाली आली. आकृत्यांचं काम करणारी जुनी बाई निवृत्त झाली आणि तिच्या जागी ही आली, डोळस, चित्रकलेच्या शाळेतून थेट. चांगली पोर आहे, हाताला नेहमी डिंकाचा वास. पुठ्ठ्यावर दोरा, वाळूचा कागद, मणी, काय काय चिकटवून ती मूळ आकृती करते. मग तिच्यावर तापवलेला प्लॅस्टिकचा पातळ कागद ओढून घेतला की उठाव जसाच्या तसा उतरतो आणि त्याच्या हव्या तेवढ्या प्रती निघतात. पण त्याआधी मूळ पुठ्ठ्यावरून माझा हात फिरायला हवा. मी होय म्हटलं की तो भट्टीत जातो, मी नाही म्हटलं की परत टेबलावर. तिनं नकाशा माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "बाई, एवढं बघता? भूगोलाचा मुख्य नकाशा आहे. परीक्षेत यावरच विचारणार, नदी कुठून निघते, सीमा कुठून जाते. उद्या दुपारी भट्टी लागणार आहे."

मी दोन्ही हात ठेवले. डोंगर लागले, वाळूच्या कागदाचे, खरखरीत. समुद्र लागला, आडव्या रेघांचा. गावांचे मणी. वरच्या कोपऱ्यातून एक दोरा निघाला तो वळत वळत मध्यावर आला, तिथं दुसरा एक दोरा त्याला भेटला, थोडं अंतर दोघं जवळजवळ गेले, पुन्हा फुटले. आता यातली नदी कुठली? मी मागे गेले, पुन्हा आले. दोन्ही रेघा एकसारख्या. नदीची रेघ सलग लागते आणि सीमेची तुटक, हा आमच्याकडचा रिवाज. आंधळ्या पोराला पहिलीपासून हेच शिकवतात. मला दोन्ही सलग लागत होत्या. सकाळी ती ओळ आणि आता हा दोरा. पोर बाजूला उभी होती, तिचा श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, "ठेव गं, सावकाश बघते."

"काही चुकलंय का?"

"चुकलंय म्हटलं का मी? ठेव म्हटलं."

ती गेल्यावर मी वाचकांना म्हटलं, जरा इकडे या, आणि आजवर जे कधी केलं नव्हतं ते केलं. म्हटलं, यात तुम्हाला काय दिसतं ते सांगा. ते आले, माझ्या खुर्चीमागे वाकले. "वा, सुरेख केलाय हो पोरीनं. ही बघा, निळ्या दोऱ्याची नदी, डोंगरातून निघाली, इथं वळली. आणि ही तांबड्या दोऱ्याची सीमा, नदीच्या काठाकाठानं आली, आणि इथून वर गेली." आणि ते सांगत होते तसं माझं बोट चाललं, आणि खरंच नदी लागली हो. सलग, गार, वाहती. आणि सीमाही तुटक लागली, ठिपका ठिपका करत. ते म्हणाले ‘वळली’ आणि बोट वळलं. मी हात उचलून म्हटलं, "बास. बसा तुम्ही." ते जागेवर जाऊन बसले. मी पुन्हा एकटीनं बोट ठेवलं, आणि रेघा पुन्हा दोन सख्ख्या बहिणी, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. म्हणजे माझ्या बोटाला आता स्वतःचं मत राहिलेलं नाही. कानानं सांगावं आणि त्यानं हो म्हणावं. मला ती परीक्षेची खोली दिसायला लागली. दिसायला म्हणजे आम्हाला दिसतं तशी. बाकाचा गारवा, पर्यवेक्षकाच्या बुटांचा आवाज, आणि एक पोर नकाशावर बोट ठेवून बसलेली. तिच्या शेजारी कुणी वाचक नसणार. नदी वळली, असं तिला कुणी सांगणार नाही. तिच्याकडे फक्त बोट असणार, आणि बोटाखाली मी जे पास करीन ते.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. ती दर खेपेला तेच म्हणते, ताई, इकडे ये राहायला, पोरं बाहेर गेली, खोली रिकामी पडलीय. मी म्हटलं, खोली रिकामी पडली म्हणून बोलावतेस होय गं? भाडेकरू ठेव, चार पैसे येतील. ती म्हणाली, तुझी जीभ काही सुधारायची नाही. लहानपणी ती चोरून ब्रेल शिकली होती, माझी रोजनिशी वाचायला. बोटानं नव्हे, डोळ्यांनी, पांढऱ्यावर पांढरे ठिपके उन्हात तिरके धरून. मला कळलं तेव्हा मी महिनाभर बोलले नव्हते. आज वाटलं, तिला सांगावं, बाळे, माझं बोट निकामी होत चाललंय. जिभेवर आलं होतं. पण ती रडली असती, मग मला तिची समजूत घालावी लागली असती, आणि तेवढा दम नव्हता. मी म्हटलं, ठेवते, कुकर लावायचाय. मग कुकर न लावताच बसले. टपालानं आलेलं नवं मासिक होतं, ब्रेलमधलं, अजून न उघडलेलं. पाठ असलेलं वाचण्यात अर्थ नव्हता, तिथं मन पुढे पळून बोटाला सांगतं. म्हणून मुद्दाम हे घेतलं. खिडकी लावली, नळ घट्ट केला. घरात कसलाही आवाज नव्हता आणि बोटाला काही सुचत नव्हतं. एखादा शब्द यायचा, मग दोन धुकट, मग अंदाजानं एक. ‘मुलगी’ की ‘मुळीच’? एका वाक्याला इतका वेळ लागला की शेवट येईतो सुरुवात विसरले. मी लहान होते तेव्हा वीज गेली की सगळं घर चाचपडायचं आणि मी पांघरुणात पुस्तक घेऊन सुखानं वाचत पडायची, आई म्हणायची, या घरात एकटीच श्रीमंत आहे ही. ते आठवलं आणि मला रडू आलं. मी रडले, चांगली हुंदके देऊन, कुणी ऐकणारं नव्हतं म्हणून लाजही वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाचकांना म्हटलं, "आज उलटं करू. मी प्रूफ वाचते, तुम्ही पुस्तकाशी ताडून बघा."

"का हो? आमचा आवाज बसलाय असं वाटतंय की काय?"

"गंमत म्हणून."

"तुम्ही आणि गंमत," ते म्हणाले, पण पान उलटल्याचा आवाज आला. मी वाचायला लागले. अडखळत, चाचपडत, पहिलीतल्या पोरीसारखी. ते मध्ये मध्ये ‘बरोबर’ म्हणत होते, अगदी हलक्या आवाजात. त्यांचा तो दूताचा आवाज कुठं गेला होता कोण जाणे. मग मी बोट ओळीवरून उचललं आणि बाजूच्या कोऱ्या समासात ठेवलं, जिथं एकही ठिपका नसतो, आणि तिथून वाचलं, "हे वारे पर्वतापाशी येऊन थांबतात आणि तिथेच विरून जातात."

ते म्हणाले, "बरोबर, बाई. पुढे."

मी हात मांडीवर घेतले. "वाचकसाहेब, असलं काही नाहीये त्या पानावर. मी मनानं जुळवलं ते."

त्यांनी पुस्तक मिटल्याचा आवाज आला.

"कधीपासून सांभाळून घेताय मला?"

"बाई, कशाला आता..."

"आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण मला लहानपणापासून लोक ऐकवत आलेत. मी दळतेय, एवढं तरी कळू दे. कधीपासून?"

"थंडीपासून," ते म्हणाले. "तुम्ही एकदा एका सरळ सरळ चुकीवरून पुढे गेलात. मला वाटलं, थकला असाल. मग पुन्हा झालं. मी घरी ते ठिपके शिकलो, डोळ्यांनी. तुमच्या प्रुफावर लांबून नजर टाकायचो, चूक दिसली की मीच अडखळल्यासारखं करायचो, म्हणजे तुम्ही थांबाल. पण सगळं नाही हो जमत. वाचायचं, बघायचं, पुन्हा तुम्हाला कळू द्यायचं नाही. कालची ओळ मी मुद्दाम सोडली. वाटलं, तुम्हीच काहीतरी बोलाल. मला एकट्याला झेपेना."

मला त्यांचा इतका राग आला की वाटलं, फळी उचलून डोक्यात घालावी. आणि त्याच वेळी हेही वाटलं की सबंध आयुष्यात माझ्यासाठी कुणी इतकं केलं नव्हतं. दोन्ही एकदम वाटलं, आणि तोंडातून निघालं ते भलतंच. मी म्हटलं, "शिकलातच, तर मात्रा नीट शिका. परवा तुम्ही उगाच अडखळलात, तिथं काही चूक नव्हती." ते हसायला गेले आणि त्यांना ते जमलं नाही. मी उठले, भिंतीला हात लावत व्यवस्थापकांच्या खोलीकडे गेले. त्या बोळातून मी कधी भिंतीला हात लावून चालत नाही, पण त्या दिवशी लावला.

व्यवस्थापक माझ्यापेक्षा पुष्कळ लहान आहेत, भला माणूस, सतत घाईत. मी सांगितलं, बोट गेलं. यापुढे मी पास केलेलं पास समजू नका, आणि थंडीपासून जेवढं माझ्या हाताखालून गेलं तेवढं सगळं दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या. ते म्हणाले, "बाई, तुम्ही फार मनाला लावून घेताय. इतक्या वर्षांचा अनुभव..."

"अनुभव पोरांच्या बोटाला लागत नाही, साहेब. ठिपके लागतात."

"पण त्यातली पुस्तकं शाळांत गेलीसुद्धा."

"मग चुका शोधून पुरवणी पाठवा. मी केल्या म्हणून सांगा. काय फासावर देणार आहेत मला?" ते म्हणाले, आपण तुम्हाला टेलिफोनवर बसवू, आणि टेलिफोनवाल्या मुलीला प्रुफांवर आणू, ती तुमच्याच शाळेतली आहे, म्हणतात चांगली वाचते. इतक्या झटपट सुटलं ते गणित, की मला कळलं, हे त्यांनी आधीच कधीतरी सोडवून ठेवलेलं होतं. म्हणजे ऑफिसभर ठाऊक होतं आणि एकटी मीच आंधळी होते. मी हो म्हटलं. टेलिफोनचं उद्या बघू म्हटलं.

भट्टी लागायची होती म्हणून त्या टेलिफोनवाल्या मुलीला लगेच बोलावलं. माझ्याच टेबलाशी, माझ्याच खुर्चीत. मीच बस म्हटलं. ती अवघडून काठावर बसली. आकृतीवाली आली, व्यवस्थापक दारात थांबले, वाचक त्यांच्या जागी होतेच. मी नकाशा तिच्यापुढे सरकवला. तिचे हात कागदावरून सरकल्याचा आवाज ऐकू आला, हलका, भराभर. एका दमात सगळीकडून जाऊन आली. मग थांबली. मग म्हणाली, "यातली नदी कुठली? दोन्ही रेघा सारख्याच लागतायत की मला. सीमा तुटक हवी ना?"

आकृतीवाली म्हणाली, "अगं, निळी नदी आणि..." आणि तिचं तिलाच कळलं. "अगं बाई गं. रीळ एकाच जातीचं वापरलंय मी. माझा घोटाळा होऊ नये म्हणून रंग तेवढे वेगळे घेतले. मला आपलं ते वेगळंच दिसत होतं ना!" ती रडकुंडीला आली. डोळस माणसाच्या हातून होणारी चूक ती. आमच्या हातून ती कधीच झाली नसती. दुसऱ्या कुणाची असती तर मी पोट धरून हसले असते. लोक म्हणतात, नाचता येईना अंगण वाकडं. अंगण खरोखरच वाकडं असतं तेव्हा काय म्हणायचं ते कुणी सांगून ठेवलेलं नाही. काल माझं बोट खरं बोलत होतं. ओरडून सांगत होतं, दोन्ही एक आहेत, दोन्ही एक आहेत, आणि मी त्याला म्हटलं, गप्प बस, तू मेलायस.

"बघा," व्यवस्थापक म्हणाले, मला बरं वाटावं म्हणून असेल, "तुम्ही वेळेवर सांगितलंत म्हणून बरं. नाहीतर हे निसटलंच असतं."

खुर्ची सरकली. वाचक उभे राहिले असावेत. "निसटलं कसं असतं? बाईंनी तर कालच..." त्यांचा आवाज पुन्हा त्यांचा झाला होता, भरलेला, मोठी बातमी घेऊन आलेला. त्यांना सगळं समजलं होतं. एका वाक्यात त्यांनी मला माझ्या खुर्चीत परत बसवलं असतं. चिमटा तो चिमटाच, म्हणाले असते सगळे. ती मुलगी पुन्हा टेलिफोनवर गेली असती, आणि उद्या सकाळी आम्ही दोघं वाऱ्यांचा धडा पुढे वाचला असता. मला हवं होतं ते. इतकं हवं होतं की दात दुखावेत. पण नकाशाच्या जाड दोऱ्याची गोष्ट वेगळी आणि कागदावरच्या ठिपक्याची वेगळी; कोऱ्या समासातून वाचलेलं वाक्य माझ्या तोंडात अजून होतं. मी म्हटलं, "वाचकसाहेब, बसा. तिला काम करू द्या." आणि आकृतीवालीला म्हटलं, "रडतेस काय? सीमेचा दोरा उपट आणि तिथं मणी लाव, बारीक, अंतर ठेवून. नदीला हात लावू नकोस, नदी उत्तम आहे." ते बसले. मी माझी पिशवी घेतली, काठी उलगडली आणि निघाले. मी दार लावून घेतलं.

भर दुपारी त्या रस्त्यानं मी कधी चाललेच नव्हते. सकाळी आणि संध्याकाळी मला तो पायांखाली पाठ आहे. दुपारी मात्र सगळं परकं. चहावाल्याची भांडी वाजत नव्हती, शाळेचा गोंगाट नव्हता, दुकानांची अर्धी दारं ओढलेली, आणि जिथं नेहमी सावलीचा पट्टा लागतो तिथं तोंडावर ऊन. कोपऱ्यावर मी थांबले, कुठं आले ते ऐकायला. घर याच बाजूला होतं, सरळ पुढे. तेवढ्यात कुणीतरी माझं कोपर धरलं. पुरुषाचा हात, घामेजलेला, भला. "या मावशी, या, घाबरू नका," म्हणाला आणि मला ओढत रस्त्यात उतरलासुद्धा. गाड्यांना हात करत असावा, कारण हॉर्न वाजत होते आणि तो कुणाला तरी दटावत होता, दिसत नाही का रे तुला, आंधळा आहेस का. एरवी मी त्याला असा चिमटा काढला असता की जन्मात पुन्हा कुणाला न विचारता हात लावला नसता. तो माझ्याशी बोलत होता, जपून, इथं खड्डा आहे, आता पायरी, शाबास. मी त्याच्याबरोबर चालत गेले. पलीकडे पोचल्यावर त्यानं माझा हात थोपटला, विचारलं, "जाल ना आता नीट?" मी म्हटलं, "हो बाळा, फार उपकार झाले." तो गेला. मला पलीकडे जायचंच नव्हतं. मी तिथंच उभी राहिले, कुणीतरी परत नेईल म्हणून.